एकाच कुपीतलं अत्तर

त्या बाईनं माझ्या पायावर डोकं ठेवलं, त्याला आता बरेच दिवस झाले. तरी पाय धुताना मला ते आठवतं आणि डोकं तापतं. मला चार माणसांत बोलता येत नाही. तोंडातून न निघालेलं सगळं आत साठून राहतं. ते आज लिहून काढते. कुणाला दाखवायचं नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

भांडण सगळं एका वासाचं आहे.

आमचे मालक काळी-पिवळी जीप चालवतात, लोहारा ते आमचं गाव आणि पुढं. लोहाऱ्याच्या बाजारात एक म्हातारे अत्तरवाले बसतात. लाकडी पेटी, तिच्यात बोटाएवढ्या कुप्या, प्रत्येक कुपीला काचेची काडी. दोन वर्षांमागं मालकांबरोबर मी बाजाराला गेले होते. अत्तरवाल्यांनी मालकांच्या मनगटावर काडी फिरवली आणि तो वास मी मागं उभी होते तिथंवर आला. माझे पाय आपोआप पुढं गेले.

"कशाचं हो हे?" मी मालकांना हळूच विचारलं.

"लोबान," अत्तरवालेच म्हणाले.

लोबान म्हणजे आपला ऊद. निखाऱ्यावर टाकतात ते गोंदासारखे खडे. मी पुन्हा मालकांच्याच कानाशी विचारलं, "हे बायांचं हाय का पुरुषांचं?"

म्हाताऱ्यांना ते ऐकू गेलं. हसले. "खुशबू को क्या मालूम बहन, किसने लगाया?" असं म्हणून त्यांनी माझ्या पुढं काडी धरली. मी हात पुढं केला नाही. मालकांनी माझं मनगट धरून पुढं केलं.

तेव्हापासून आमच्या घरात एकच कुपी असते, आरशाच्या मागं. सकाळी मालक लावतात, मग मी लावते. लावल्या लावल्या हा वास लिंबाच्या सालीसारखा नाकाला झोंबतो. थोड्या वेळानं झोंबणं जातं आणि धूर येतो, पण डोळ्यांत न जाणारा, थंड झालेला धूर. संध्याकाळी शिलाई मशीनवरून उठेपर्यंत मनगटावर आटवलेल्या दुधासारखं काहीतरी गोडसर उरतं. मालकांच्या अंगावर तोच वास वेगळा होतो. घाम आणि डिझेलमध्ये मिसळून तो कडवट, भाजल्यासारखा येतो. माझ्या अंगावर मशीनच्या तेलात आणि नव्या कापडाच्या खळीत मिसळून मऊ पडतो. रात्री मालक जेवायला शेजारी बसले की हे दोन वास एकमेकांना ओळखतात असं मला वाटतं. मालकांना हे सांगितलं तर हसतील, म्हणून सांगितलं नाही.

माझ्या माहेरी ऊद नव्हता. माझ्या आज्यानं धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून विहिरीत सोडले. ऊद जाळायचं मातीचं भांडंही त्याच टोपलीत घातलं. आज्याच्या बहिणीच्या अंगात यायचं. घरचेच लोक तिच्या तोंडापुढं ऊदाचा धूर धरायचे, ती घुमायची, पडायची, तोंडाला फेस यायचा, आणि सगळे तिच्या पाया पडायचे. उठल्यावर तिला कुणी भाकरीसुद्धा विचारायचं नाही. म्हणून आजा म्हणाला, हा धूर या घरात पुन्हा नको. आज्यानं केलं ते मला बरोबर वाटतं, आजही वाटतं.

पण माहेरी आमच्या समोरच्या मुसलमानाच्या घरात गुरुवारी संध्याकाळी लोबान जाळायचे, आणि तो वास काही विचारून येत नाही. मी उंबऱ्यावर उभी राहायची. मला त्यात देव कधी दिसला नाही, भूत दिसलं नाही. मला वास आवडला. एवढंच. माणसाला एखादी गोष्ट नुसती आवडू शकते, हे लोकांना का कळत नाही?

लोक म्हणजे आधी आमचे दीर. तालुक्याला नोकरीला आहेत, विहाराच्या कामात पुढं असतात. एकदा जेवायला आले आणि दारातच थांबले.

"वहिनी, ऊद जाळला काय घरात?"

"न्हाय," मालक म्हणाले, "तिनं अत्तर लावलंय."

"हा अंगात येणाऱ्या बायांचा वास हाय, वहिनी. आपण प्रतिज्ञा घेतल्यात. लोक काय म्हणतील आपल्याला? परत तिकडंच चालले?"

मी भाकरी थापत होते, थापत राहिले. मग दीर मालकांच्या शेजारी ताटावर बसले आणि म्हणाले, "दादा, तुझा आज लई भारी वास येतोय. नवाब झालास काय जीप चालवून चालवून?" दोघं हसले. एकच कुपी, एकच काडी! मालकांच्या अंगावर ती नवाबी आणि माझ्या अंगावर धर्म बुडाला. हेच दीर दर रविवारी विहारात स्वतःच्या हातानं उदबत्त्या लावतात. तो धूर चालतो. माझं मनगट चालत नाही. भाकरी करपली, तीच त्यांच्या ताटात वाढली.

मग गावातल्या बाया. मी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. माप घेताना बाईच्या अगदी जवळ उभं राहावं लागतं. टेप पाठीमागून पुढं आणताना त्यांना माझा वास यायचा.

"ऊदाचा वास येतोय गं तुला. मंगळवार धरतीस का?"

"काय वारंबिरं येतंय का अंगात?"

माझ्या तोंडात टाचण्या असायच्या, उत्तर देता यायचं नाही. टाचण्या नसत्या तरी मी बोलले असते असं नाही. मान हलवायची आणि खाली बघायचं, एवढंच मला येतं. आणि माझं तेच त्यांना पुरलं. जी बाई मिरवते तिचं खोटं असतं, जी गप्प राहून लपवते तिच्या अंगात खरंच येतं, असा आमच्याकडं हिशेब आहे. मी लाजरी, डोळे खाली, अंगाला ऊदाचा वास. झालं. मी शिलाई करत बसले आणि बाहेर माझी देवी झाली.

हे मला कळलं एका मंगळवारी.

गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरची काकू आहे. माझ्याकडंच ब्लाऊज शिवून घेते, पण ती कधी आत आली नव्हती. पायरीखाली उभी राहून मापाचा जुना ब्लाऊज आणि कापड हात लागू न देता माझ्या ओंजळीत सोडायची. उन्हातान्हाची येते म्हणून मी पाणी विचारायची, तर "आत्ताच पिऊन आले गं" म्हणायची. घर तिचं गावाच्या त्या टोकाला, वाटेत कुठं पाणी नाही. मला कळायचं. तिला माहीत होतं की मला कळतं.

त्या मंगळवारी मी केस धुऊन मोकळे सोडले होते, अत्तर लावलं होतं, मशीनला दोरा ओवत होते. काकू सुनेला घेऊन आली आणि सरळ उंबरा ओलांडून आत. हातात पिशवी. तिच्यातनं नारळ निघाला, हळदकुंकू, लिंबं, खण. मला वाटलं खण शिवायला आणलाय. तेवढ्यात ती खाली वाकली आणि तिचं कपाळ माझ्या पायाला लागलं.

"आई," ती मला म्हणाली. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी बाई. "आई, माझ्या सुनंला मूल न्हाय. कुणी काय बांधलंय, तेवढं तुम्ही सांगा."

तुम्ही! आदल्या आठवड्यात "बाही तंग केलीस गं, डोळे फुटले का तुझे?" म्हणून मला ओरडून गेली होती.

"काकू, उठा. माझ्या अंगात काय येत न्हाय."

"तसंच म्हणती ती. परीक्षा बघती." हे सुनेला. सून भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडात धरून. तिला माझी भीती वाटत होती.

"उठा म्हणते ना मी!"

एवढ्या मोठ्यानं मी जन्मात ओरडले नव्हते. माझे मोकळे केस तोंडावर आले होते. काकूनं वर बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

"आली! आली गं बाई! पदर पसर, पदर पसर लवकर!"

सुनेनं पदर पसरला.

जितकी चिडेन तितकी मी देवी होत चालले होते. गप्प राहिले तेव्हा देवी, बोलले तेव्हा देवी. मग मी कधी बोलायचं आणि कसं?

खरं लिहायचं तर, एक वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. सुनेला छळू नको, लेकाला दवाखान्यात ने. तेव्हा म्हटलं असतं तर काकूनं ऐकलं असतं. देवीचं ऐकलं असतं. पण माझ्या आज्यानं जे विहिरीत सोडलं ते मी माझ्या तोंडातनं बाहेर काढू? आणि माझ्या घरचं पाणी जिला चालत नाही, तिला माझ्या अंगातली देवी चालते? मी ते वाक्य गिळलं. आरशाच्या मागनं कुपी काढली, काकूचा हात धरला आणि मनगटावर काडी फिरवली.

"वास घ्या."

ती डोळे मिटून मनगट कपाळाला लावायला लागली. मी हात खाली ओढला. "कपाळाला न्हाय. नाकाला."

तिनं वास घेतला. पुन्हा घेतला. डोळे उघडले. "हे तर... ह्यो तुझ्या मालकाच्या जीपमधी येतोय तसला वास हाय."

"व्हय. तेच अत्तर. आता तुमच्याबी हाताला लागलं. आलं का काय तुमच्या अंगात?"

काकूनं मनगट पुन्हा नाकाशी नेलं.

"त्यांच्या जीपमधी बसता तुम्ही. त्यांच्या पाया का न्हाय पडला?"

"आता गं बया! पुरुषमाणूस हौसंनं लावतंय." ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "बाईमाणूस उगं कशाला लावंल?"

"हौसंनं," मी म्हणाले. "मीबी हौसंनंच लावते."

सून हसली, पदर अजून तोंडात होता तरी कळलं. काकूनं तिच्याकडं असं बघितलं की ती पुन्हा भिंत झाली. मी म्हणाले, "आणि मूल होत नसंल तर दोघांनाबी दवाखान्यात न्या. एकटीला नको. हे देवी सांगत न्हाय, ब्लाऊज शिवणारी सांगती."

काकूनं नारळ उचलला. लिंबं उचलली, एक मशीनखाली घरंगळलं होतं तेही वाकून काढलं. खण घडी करून पिशवीत घातला.

"पाणी पिता?" मी मुद्दाम विचारलं.

"आत्ताच पिऊन आले गं," ती म्हणाली. मी पुन्हा "गं" झाले होते.

सून म्हणाली, "मला द्या." तांब्या तोंडाला लावून तिनं सगळं पाणी पिलं. सासू तोपर्यंत पायरी उतरून उन्हात उभी होती आणि पदरानं मनगट घासत होती.

माझी देवी एका दिवसात उतरली. त्या जागी दुसरंच बसलं. आता बाया म्हणतात, वारंबिरं काही नाही, नुसता नखरा आहे; नवरा दिवसभर जीपवर, ही घरात अत्तर लावून कुणासाठी बसते? दिरांना देवीचं कळलं नव्हतं, नखऱ्याचं लगेच कळलं. मालकांना सांगून गेले, "वहिनीला जरा समज दे." मालकांनी मला एवढंच विचारलं, "सोडतीस का थोडे दिवस?"

"तुम्ही सोडता का?"

त्यांनी आरशाकडं बघितलं, कुपी उघडली, लावलं आणि जीप काढायला गेले. कुपी उघडीच ठेवून गेले. त्याचं काय समजायचं ते मी समजले. पण माझ्यासाठी दिरांना एक शब्द बोलले असते तर जास्त बरं वाटलं असतं.

पौर्णिमेला मी विहारात गेले, दोन्ही मनगटांना लावून. माझ्या शेजारची सतरंजी रिकामी राहिली. पुढं दीर उदबत्त्या लावत होते. त्यांचा धूर मागं येऊन माझ्यापर्यंत पोहोचला आणि माझ्या वासात मिसळला. मला वेगळं करता येईना, कुठला त्यांचा आणि कुठला माझा.

परवा ती सून एकटी आली. ब्लाऊजचं कापड घेऊन, पायरीवर थांबली नाही, आत आली. मी माप घेत असताना तिनं डावा हात पुढं केला. मी टाचण्या तोंडातनं काढल्या, कुपी आणली, काडी फिरवली. तिनं बराच वेळ वास घेतला. मग बांगड्या खाली सरकवून ती जागा झाकली, वर पदर ओढून घेतला, आणि घाईनं गेली.

मी दारात उभी राहून तिच्याकडं बघत होते. तिला आवडला म्हणून बरं वाटायला पाहिजे होतं. पण तिनं तो चोरून नेला, बांगड्यांखाली, स्वतःच्याच हातावरचा. मला पुन्हा तोच राग आला, पायाला कपाळ लागलं होतं तेव्हाचा. मी आत येऊन तशीच मशीनवर बसले आणि तिचा ब्लाऊज कापायला घेतला. बाही मनगटापासून चांगली वर ठेवली, वास झाकणार नाही एवढी.