टपरीवर पोचलेली तार

गेल्या महिन्यात जुळे सोलापुरातल्या ज्येष्ठ नागरिक संघानं माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा सत्कार केला. तारघरात आम्ही दोघं शेजारी बसून यंत्राची कटकट ऐकत तारा उतरवून घ्यायचो. खांद्यावर शाल पडताच तो म्हणाला, "लोकांची सुखदुःखं आम्ही पोटात ठेवली." मला किळस आली.

या माणसाच्या पोटात कधी काही राहिलंच नाही. तार उतरवली की हा समोरच्या चहाच्या टपरीवर जायचा आणि मिटक्या मारत सगळ्यांना सांगायचा. एकदा मागच्या गल्लीतल्या गिरणी कामगाराच्या मुलीचं लग्न मोडल्याची तार पुण्याहून आली. तारवाला ती घेऊन निघायच्या आधीच टपरीला बातमी कळली होती. थोड्या वेळानं मुलीचा बाप तिथं लग्नाच्या पत्रिका वाटायला आला. लोक पत्रिका घेत होते आणि तोंड फिरवून हसत होते. शेवटी एकानं त्याला खरं काय ते सांगितलं.

तो तडक तारघरात आला. "माज्या पोरीचं लगीन मोडलं, हे समद्यांस्नी ठावं हाय. मलाच कसं न्हाय?"

माझा सहकारी मानही वर न करता म्हणाला, "तार वाटेत आहे. घरी जाऊन थांबा."

तो बाप दारातच मटकन खाली बसला. साहेबांनी या निर्लज्जाला नुसती समज दिली. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा टपरीवर!

सत्कारात मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी हीच हकीकत सांगितली. तो मात्र खदाखदा हसला. "तुला अजून आठवतंय की!"

मी त्याच्या शेजारच्या माझ्या खुर्चीवर परत न बसता निघून आलो.