न झिजलेली चाकं

आमच्या घरच्या संग्रहालयाला गावात कोणी संग्रहालय म्हणत नसे. अजबघर म्हणायचे. नवऱ्याच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या भासऱ्यांना, त्याचा राग यायचा. मला यायचा नाही. काचेच्या कपाटात कोंडलेले लाकडी बैल रोज फडक्याने पुसत बसणं हे अजबच काम होतं, आणि ते काम माझ्या वाट्याला आलं होतं.

बैल मामाजींचे. मामाजी म्हणजे माझे सासरे. जातीने सुतार नव्हेत, धान पिकवणारे. वाकस नि पटाशी ही सुताराची हत्यारं धरायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. धानाची रोवणी आटोपली की बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी ठरतं, माणसाला काही दिवस काम नसतं, आणि काम नसलं की मामाजींना घरात बसवत नसे. निवांत बसलेला माणूस त्यांना आजारी वाटायचा. अशाच एका रिकाम्या पावसाळ्यात त्यांनी शिवणीच्या ओंडक्यातून पहिला बैल काढला. त्याचे चारही पाय वेगवेगळ्या लांबीचे होते म्हणे. तो उभा राहीना म्हणून त्याला फळीवर ठोकलं आणि फळीला चाकं लावली. पुढे पंचक्रोशीत त्यांच्या बैलांचं नाव झालं, नाकाडोंगरीच्या बाजाराला आलेली माणसं वाट वाकडी करून आमच्या घरी यायची. पण त्यांनी बैल कधी बाजारात मांडला नाही. ज्या घरी लेकरू जन्मायचं त्या घरी बारशापर्यंत त्यांचा बैल पोचायचा.

आमच्याकडे मोठ्या पोळ्याला खरे बैल सजतात, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो लेकरांचा. झूल, गोंडे, बेगड लावलेले लाकडी बैल दोरीने ओढत पोरं मैदानात रांग लावतात, मग घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, मागतात. त्याआधीचे आठ-दहा दिवस आमच्या अंगणात नुसता दवाखाना. कोणाच्या बैलाचं शिंग गेलेलं, कोणाचं चाक निखळलेलं. पोरं रडवेली व्हायची आणि मामाजी खूश.

"मोडला काय? मंग चांगला ओढला तुनं," म्हणायचे.

मी सन सत्तरच्या सुमारास लग्न होऊन या घरात आले. पहिल्याच पावसाळ्यात मामाजींनी एक नवा बैल घडवायला घेतला. मी विचारलं, कोणाच्या घरचा? ते नुसते हसले. मला कळलं आणि मी चुलीपाशी पळाले. त्या बैलावर त्यांनी कोणत्याच बैलावर घेतली नव्हती इतकी मेहनत घेतली. त्यांचे बाकीचे बैल नाकासमोर पाहतात. याची मान त्यांनी जरा वर आणि एका बाजूला वळवली, ओढणाऱ्याकडे पाहत चालल्यासारखी. जवसाचं तेल चोळून तो त्यांनी आमच्या खोलीच्या कोनाड्यात ठेवला.

तो तिथेच राहिला. लेकरू झालं नाही. देव झाले, दवाखाने झाले, नागपूरही झालं. मामाजी त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत, पण दरवर्षी पोळ्याच्या आधी येऊन त्या बैलाला तेल मात्र लावून जायचे. मला त्यांचं ते तेल लावणं सहन व्हायचं नाही आणि एखाद्या वर्षी त्यांना उशीर झाला तर तेही सहन व्हायचं नाही. मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायची. 'हे' म्हणजे माझे यजमान. ते म्हणायचे, बस ना घडीभर. पण बसलं की कोनाडा दिसायचा.

सन ऐंशीच्या आसपास मामाजी गेले. आणि बाप गेल्यावर भासऱ्यांना बाप सापडला. ते तुमसरला असायचे, धानाचा व्यापार होता, मामाजींच्या आजारपणात त्यांचं येणं जेमतेम झालं होतं. ते त्यांना खात असावं. तेरवी होते न होते तोच त्यांनी जाहीर केलं की घराची पुढची खोली आता बाबांची. तुमसरहून काचेची कपाटं आली. आणि मग माघात, धानाचे चुरणे म्हणजे मळणी आटोपल्यावर, भासरे आणि हे बंडी जुंपून घरोघर गेले. ज्याच्याकडे बाबांनी केलेला बैल असेल त्याने तो संग्रहालयाला द्यावा.

लोकांनी दिले. सगळ्यांनी दिले. कोणी हात आखडता घेतला नाही, कोणावर जोर करावा लागला नाही. बायांनी बैलांना हळदकुंकू लावलं, एकदोघींचे डोळेही भरले. कपाटात आपल्या घरचा बैल वरच्या फळीवर असावा म्हणून दोन भावकींत रुसवेफुगवे झाले. अख्ख्या गावाने इतक्या प्रेमाने आपल्या लेकरांचे बैल बंडीत चढवले, आणि तान्हा पोळा कोणाच्या ध्यानात आला नाही. माघात पोळा आठवतो कोणाला? मलाही आठवला नाही.

माझा बैलही गेला. भासऱ्यांनी कोनाड्यातून उचलला, उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. बाकीचे बैल रंग उडालेले, कान तुटलेले, चाकं झिजून अंडाकृती झालेली. हा मात्र जसा घडवला तसाच. मधल्या कपाटात, बरोबर दारासमोर, तो जाऊन बसला. बाहेरगावची माणसं आली, शाळेची पोरं घेऊन गुरुजी आले, की भासरे आधी त्याच्याकडे बोट दाखवायचे. पाहुणे विचारायचे, हा इतका नवा कसा राहिला? भासरे म्हणायचे, जपला. मी आतल्या दाराआड उभी असायची आणि माझ्या हातून भांडं आदळायचं. एकदा फुटाण्यांचं अख्खं सूप सांडलं. आवाज भासऱ्यांनाही ऐकू जायचा, पण आत येऊन काय झालं ते विचारणार कसे?

कारण आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्याशी बोलायचं नसतं. समोर जायची वेळ आली तर पदर कपाळावर ओढायचा आणि बाजूने निघायचं. काही सांगायचंच असेल तर नवऱ्यामार्फत, तो नसला तर भिंतीकडे तोंड करून. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांना काय म्हणून हाक मारायची हे मला ठरवावं लागलं नव्हतं. माझं म्हणणं मी यांना सांगायची, हे त्यातलं निम्मं विसरायचे, उरलेलं मऊ करून भावापुढे ठेवायचे. तिकडून उत्तर यायचं तेही असंच पाणी घातलेलं. त्या वर्षात मी भिंतींशी जेवढं बोलले तेवढं माणसांशी बोलले नसेन.

कपाटांच्या किल्ल्या मात्र माझ्या कमरेला. पुसणार कोण? रोज सकाळी मधलं कपाट उघडलं की माझा बैल मान वळवून माझ्याकडे बघायचा. मी त्याला सगळ्यात शेवटी पुसायची, आणि भराभर.

मग तो पोळा आला. भासरे आदल्या दिवशीच आले होते, कारण तान्ह्या पोळ्याच्या दिवशी भंडाऱ्याहून एक साहेब संग्रहालय बघायला यायचे होते. साहेबांना पसंत पडलं तर अजबघराला कुठेतरी मान्यता मिळेल, दारावर पाटी लागेल, बाबांचं नाव जिल्ह्यात होईल, असं भासऱ्यांच्या मनात होतं. त्यांनी ओसरी सारवून घेतली, मला पोहे निवडायला सांगितलं, अर्थात यांच्यामार्फत. चपला काढत होते, घालत होते. त्या दिवशी घरात माझ्यापेक्षा अस्वस्थ माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

सकाळी पोरं आली. अंगणात येऊन उभी राहिली. अंगावर नवे कपडे, हातात गोंडे, बेगड, घुंगरांच्या माळा, दोऱ्या. दोऱ्यांच्या टोकाला काही नाही. त्यांच्या मागे त्यांच्या आया. भांडायला कोणी आलं नव्हतं. आपणच दिलेली वस्तू परत कशी मागायची, या संकोचात सगळी उभी होती. मला ते बघवेना. मी आतबाहेर करू लागले.

भासऱ्यांनी पोरांना समजावलं. हे बैल आता साऱ्या जिल्ह्याचे आहेत, साहेब येऊन जाऊ द्या, संध्याकाळी सगळ्यांनी काचेतून पाहा. एका पोराने विचारलं की काचेतून ओढायचा कसा. भासरे त्याच्यावर चिडले नाहीत, त्यांनी पायातल्या चपला पुन्हा काढल्या. मी यांना आत बोलावून म्हटलं, सांगा त्यांना, मामाजी असते तर दार लावून बसले असते काय? हे बाहेर गेले आणि भावाला म्हणाले की ती म्हणते आहे की पाहा बा, जमलं तर. मी दारातूनच ऐकलं. आता यांच्यामार्फत होण्यासारखं हे काम नव्हतं. मी पदर खोचला, पुढच्या खोलीत गेले आणि कमरेची किल्ली काढून पहिलं कपाट उघडलं.

पोरं आत घुसली. कोणाला बैलाखालची नावाची चिठ्ठी वाचावी लागली नाही, जो तो आपल्या बैलापाशी जाऊन उभा. मी काढून देत गेले. भासरे दारात आले आणि तिथेच थांबले. त्यांच्या तोंडावर राग होता, पण तो माझ्यावर काढणार कसा? धाकट्या सुनेवर भासऱ्याने ओरडायचं नसतं, तो नियम त्यांनाही होताच. त्यांनी यांना हाक मारली, आणि हे तर वरच्या फळीवरचे बैल उतरवून देत होते. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू.

खोली रिकामी झाली. एक मुलगी राहिली. मँगनीजच्या खाणीवर कामाला आलेल्या कुटुंबातली, बाहेरगावची. त्यांच्या घरी मामाजींचा बैल कुठून असणार? ती नुसती बघायला आली होती. हातात मात्र दोरी होती, कोणाकडून तरी घेतलेली. कपाटातही एकच बैल राहिला होता. मी मधलं कपाट उघडलं आणि त्याला उचललं.

"थो नाही," भासरे यांना म्हणाले. "साहेबाले दाखवाले एक तरी राहू दे. सांग तिले."

यांनी माझ्याकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं. मी यांना बाजूला सारलं. काय म्हणून हाक मारायची ते तेव्हा, तिथेच ठरलं.

"दादा, थो बैल माहा आहे. मामाजीनं माह्या लेकरासाठी केला. लेकरू नाही आलं. म्हणून बैलानं जलमभर कपाटातच उभं राहावं काय? कोणाचं तरी लेकरू ओढू द्या त्याले."

माझा आवाज चिरका लागला. पदर केव्हाच डोक्यावरून घसरला होता. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बैलाकडे पाहिलं. हा इतका नवा कसा राहिला, हे त्यांना तोवर खरंच माहीत नव्हतं. ते तुमसरला राहणारे, कोनाड्यातला बैल कोणासाठी घडवला होता हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी इतके दिवस त्यांच्यावर दात खाऊन होते, आणि माणसाला बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. ते दारातून बाजूला झाले. मुलीने दोरी बांधायला घेतली, तिला गाठ मारता येईना. गाठ यांनी मारून दिली.

साहेब आले, दुपारी. त्यांनी रिकामी कपाटं पाहिली, चहा घेतला, पोहे खाल्ले. मैदानात चला, सगळे बैल तिथे आहेत, असं भासरे दोनदा म्हणाले. ऊन होतं, साहेबांना पुढे जायचं होतं. संग्रहालय तयार झालं की कळवा, असं सांगून ते गेले. पुन्हा आले नाहीत. पाटी लागली नाही, आजही नाही. भासरे बराच वेळ ओसरीवर गुडघ्यांना मिठी मारून बसून होते. मला त्यांचं वाईट वाटलं. पण मैदानातून घुंगरांचा आवाज येत होता आणि माझे पाय तिकडे ओढत होते. मी जाऊन आले. माझा बैल चिखलातून गडगडत चालला होता, मान वर करून त्या मुलीकडे बघत. मी फार वेळ थांबू शकले नाही.

दिवेलागणीला पोरं बैल परत घेऊन आली. कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून आली. चिखल, गुलाल, लोंबणारं बेगड. त्या मुलीने आणलेल्या बैलाच्या कानाचा टवका उडाला होता. ती घाबरून दारातच उभी राहिली. भासऱ्यांनी उठून तो तिच्या हातून घेतला, मांडीवर आडवा केला, अंगठ्याने एकेक चाक फिरवून पाहिलं. मग तिच्याकडे पाहून म्हणाले, अगदी मामाजींच्या सुरात, "मोडला काय? मंग चांगला ओढला तुनं." मुलगी पळाली.

बैल घेऊन ते मधल्या कपाटापाशी गेले आणि त्याच्या जागी ठेवला. सवयीने मी फडकं घेऊन पुढे झाले. ते माझ्याकडे वळले. मध्ये हे नव्हते, भिंत नव्हती.

"बाई," म्हणाले, "चाकं पुसू नोको."

मी फडकं खाली ठेवलं आणि म्हटलं, "बरं, दादा."