गोणपाटावरचा दगड

आमचं गाव बदलापूरला लागूनच. तिथल्या जुन्या बाजारात माझी आत्या तीस वर्षं भाजी विकायची. रोज घरी जाताना ती आपल्या जागेवर गोणपाट अंथरून त्यावर एक दगड ठेवायची. दगड आहे म्हणजे जागा तिची, हे सगळ्या बाजाराला मान्य होतं.

मग सुशोभीकरणाचा निधी आला. निधी आला की सगळ्यांना जुने दिवस आठवतात. बाजाराचे जुने फोटो मागवले गेले आणि मी शहाण्याने हौसेने आत्याचा फोटो नेऊन दिला. फरशा बसल्या, पिवळे दिवे लागले, आणि सफाईवाले रोज आत्याचा दगड कचरा म्हणून उचलून नेऊ लागले. मी चार अर्ज केले, मग कंटाळलो. आत्या स्टेशनच्या पुलाखाली बसू लागली.

उद्घाटनाला मीच तिला घेऊन गेलो. तिच्या जागेवर फायबरची भाजीवाली बसवली होती. शेजारी गोणपाट, त्यावर दगडसुद्धा. लोक सेल्फी काढत होते. आत्याने वाकून तो दगड हलवून पाहिला. तो पक्का बसवलेला होता.

"याला बरा कोन उचलीत नाय," ती म्हणाली आणि भाजीची पाटी घेऊन पुलाकडे निघाली.