मामांचा हात

माझे मामा एकतीस वर्षं सैन्यात होते आणि पाच वर्षं राजकारणात. सैन्यातलं विचारलं तर ते तारीखवार सांगतात. राजकारणातलं विचारलं की चष्मा काढून पुसत बसतात.

सैन्यात ते पूल बांधायचे. नदीवर लोखंडी पूल टाकायचा, गाड्या पार झाल्या की तो उचलून पुढच्या नदीवर न्यायचा. कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि मामींच्या शाळेजवळ तीन खोल्यांत राहायला आले. मामी त्या शाळेत गणित शिकवायच्या. मी दोन घरं सोडून राहायचे. मला टायपिंग येतं, म्हणून मामांची पत्रं कायम माझ्याकडे.

शाळेमागच्या नाल्यावरचा छोटा पूल एकदा पुराने खचला. पालिकेने दोन्ही टोकांना दोर बांधले आणि विषय संपवला. मुलं चिखल तुडवत शाळेत येऊ लागली. मामांनी गल्लीतली सोळा माणसं गोळा केली, पाइप आणि फळ्या आणल्या आणि दीड दिवसात कामचलाऊ पूल टाकला. तो बघायला एका पक्षाचे शहराध्यक्ष आले. पुलावरून दोनदा चालून म्हणाले, "कर्नलसाहेब, उभे राहाल का?"

मामांना वाटलं, फोटोसाठी. म्हणाले, "उभाच आहे की."

मामींनी त्यांना खरा अर्थ सांगेपर्यंत त्यांची उमेदवारी जाहीर झाली होती. गैरसमजातून दिला तरी शब्द तो शब्द, असं म्हणून मामांनी माघार घेतली नाही. चारशे अकरा मतांनी पालिकेवर निवडून आले.

मग गोंधळ सुरू झाला. मामा लोकांच्या तक्रारी वहीत लिहून घ्यायचे, संबंधित साहेबांना फोन करायचे, समोरून "करतो" आलं की वहीत बरोबरची खूण. महिन्याभराने तेच लोक त्याच तक्रारी घेऊन पुन्हा दारात.

"तो करतो म्हणाला होता," मामा म्हणायचे.

"अहो, करतो म्हणजे ऐकलं," मामी म्हणायच्या. "अवघड आहे म्हणाला असता, तर समजायचं की निदान विचार तरी करतोय."

मामांनी हेही वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या वर्षी शाळेच्या मैदानाचा ठराव आला. मैदानावर व्यापारी संकुल बांधायचं होतं. मैदानासमोर शिलाईचं दुकान चालवणाऱ्या ताई मामांकडे आल्या. "कर्नल, दुकानं झाली तर मला गिऱ्हाईक वाढेल," त्या म्हणाल्या. "पण पोरं खेळणार कुठे? तुम्ही विरोध करा." मामांनी शहाऐंशी पानांचा प्रस्ताव वाचायला घेतला. बावन्नाव्या पानावर नकाशा होता. संकुलासाठी नाल्याची रुंदी निम्मी होणार होती. पुढचा पूर थेट गल्लीतल्या घरांत शिरणार, हे मामांना नकाशावर बोट ठेवताच कळलं.

ते पक्षाच्या शहराध्यक्षांकडे गेले; तेही पालिकेचे सदस्य होते. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मुद्दा बिनतोड आहे. सभागृहात बोला. सगळं बोला."

"म्हणजे आपण विरोधात मत देणार?"

"नाही, नाही. मत बाजूनेच. तुम्ही फक्त बोलायचं विरोधात."

मामा घरी येऊन म्हणाले, "हा आदेश नीट समजून घ्यायला मी कुणाला फोन करू?"

सभेच्या दिवशी मी आणि मामी वर सज्जात बसलो होतो. मामा अकरा मिनिटं बोलले. नाल्याची रुंदी, पाण्याचा वेग, कुठल्या घराच्या कुठल्या पायरीपर्यंत पाणी चढेल, सगळं. दोन्ही बाजूंनी बाकं वाजली, अध्यक्षांनीही वाजवलं. मग मतदान पुकारलं. अध्यक्षांनी वळून मामांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "कर्नल, हात."

आणि मामांचा हात वर गेला. सरळ, कोपर न वाकवता. ठराव चोवीस विरुद्ध तेवीस मतांनी मंजूर झाला. मामींनी पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

"मी वर केला की आपोआप गेला, मला खरंच सांगता येत नाही," घरी आल्यावर मामा म्हणाले. बराच वेळ ते उजव्या हाताकडे तो परक्याचा असल्यासारखं बघत होते.

महिन्याभरात सरकारने ठरावाला स्थगिती दिली. कारण काय, तर एका अभियंता सदस्याने सभागृहात नोंदवलेला तांत्रिक आक्षेप. ठराव मामांच्या हाताने पास झाला होता आणि मामांच्याच तोंडाने अडकला होता. वर्तमानपत्रात त्यांचा हात वर केलेला फोटो आला, खाली मजकूर, 'मैदानासाठी कर्नल मैदानात.' लोक हार घेऊन आले. मामा प्रत्येकाला सांगत होते, "अहो, मी बाजूने मत दिलं होतं." लोक म्हणायचे, किती विनम्र माणूस.

अध्यक्षांचाही फोन आला. "छान झालं. मला तो ठराव मंजूरही हवा होता आणि अडकायलाही हवा होता."



शेवटी मामा शिलाईच्या दुकानात गेले. मी बरोबर होते. ताई एका पँटची पट्टी मारत होत्या.

"ताई, मी तुमच्या विरोधात मत दिलं," मामा म्हणाले.

"माहीत आहे. मी सज्जात होते, तुमच्या मिसेसच्या मागच्या रांगेत." त्यांनी मशीन थांबवलं. "बोलणंही ऐकलं, हातही पाहिला. आभार मानू की भांडू, तेच कळेना. म्हणून आले नाही."

"मलाही कळत नाहीये," मामा म्हणाले.

"मग बसा," ताई म्हणाल्या आणि स्टूल पुढे केलं. मामांचं म्हणणं खरं मानणाऱ्या त्या पहिल्याच. मामा तिथे तासभर बसले.

पुढच्या वर्षी स्थगिती उठली, ठराव पुन्हा आला. या वेळी मामांनी आधीच ठरवलं. मला अध्यक्षांच्या नावे पत्र सांगितलं, 'पक्षाचा आदेश काहीही असो, मी विरोधात मतदान करीन.' मी टाइप केलं, त्यांनी सही केली, पाकिटात घातलं. पाकीट चिकटवायच्या आत फोन वाजला. अध्यक्ष होते. "कर्नल, या वेळी आपला विरोध. हात खाली."

मामांनी तरीही पत्र पाठवलं. अध्यक्षांनी ते आदेशाची पोच म्हणून फायलीत लावलं.

ठराव पडला. मैदान वाचलं, नाला होता तेवढाच राहिला. पण मामांना आनंद करता येईना. "हात मी खाली ठेवला की त्यांनी ठेवायला लावला?" ते मामींना विचारत राहिले.

"तुम्ही आधी ठरवलं होतंत. मी साक्षीला आहे."

"तू घरातली आहेस."

पुढची निवडणूक मामा पक्ष सोडून एकटे लढले. दारोदार जाऊन दोन्ही मतदानांची हकिकत सांगितली, न विचारता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लोक ऐकताना चुळबुळ करायचे. सहाशेहून जास्त मतांनी हरले. निकाल ऐकून घरी आले, बूट काढले आणि मामींना म्हणाले, "आज काय झालं, ते मात्र मला नीट कळलं."

"जेवा आता," मामी म्हणाल्या. मामा पोटभर जेवले आणि दुपारभर झोपले.