बाकी तीन बाजू अशाच

दीड महिन्यापूर्वी आगरदांड्याच्या तरीवर कोणीतरी सहज म्हणालं, "इब्राहिम मिस्त्री गेले हो." होडी धक्क्याला लागली तरी मी बसूनच राहिलो...

मिस्त्री मूळचे होड्या बांधणारे. खाडीच्या तोंडाशी खडकावर दिव्यासाठी लोखंडी जाळीचा मनोरा उभारायचं ठरलं, तेव्हा नकाशा काढायला मी होतो, उभारायला ते. नवी नोकरी, नवा कोट, आणि शिष्टपणा तर विचारू नका! मिस्त्रींनी खडकाची मापं घेऊन आधी कामट्यांचा हातभर मनोरा केला. जिथे जिथे पट्ट्या मिळतात तिथे दोऱ्याची गाठ. समुद्राकडचा एक पाय लांब.

"भाऊसाहेब, खडक सपाट न्हाय. ह्यो पाय खाली उतरतो, म्हंजे त्याच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्या लांब लागतील. चारी बाजू येकसारख्या कशा व्हतील?"

"हे खेळणं पोरांना द्या, मिस्त्री," मी म्हणालो. एकच बाजू काढली, खाली लिहिलं, 'बाकी तीन बाजू अशाच', आणि नकाशा मुंबईच्या कारखान्यात धाडला. अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय!

लोखंड आलं, त्याबरोबर नकाशाही मिस्त्रींच्या हाती परत आला. समुद्राकडच्या पट्ट्या आखूड पडल्या. आमच्या साहेबांची घाई, म्हणून गड्यांनी पहारीने ताणून बोल्ट बसवले. तिसऱ्या दिवशी एक बोल्ट तुटला आणि वर चढलेला मिस्त्रींचा धाकटा भाऊ हसन खाली खडकावर कोसळला. जागीच गेला.

चौकशीत साहेबांनी नकाशा मागितला. मिस्त्री म्हणाले, "भिजला, फेकला. मापं मीच चुकीची दिली." बाहेर आल्यावर मी त्यांचे हात धरले. ते सोडवून घेत म्हणाले, "हसन आता परत येनार हाय का? तुमची नोकरी तरी राहू दे." मी साहेबांकडे परत गेलो नाही. नोकरी राहिली. मिस्त्रींना मात्र पुन्हा कोणी काम दिलं नाही. भावाला यानेच खाल्लं, असं लोक त्यांच्या तोंडावर बोलायचे. उद्या साहेबांना खरं सांगू, उद्या सांगू, असं म्हणत मी दहा वर्षं काढली. माप चुकलं ते माझं, हे आज लिहितोय. आता लिहून कोणाला उपयोग?

चाळिसाव्याला मिस्त्रींच्या घरी गेलो तर भाभींनी हत्यारांची पेटी पुढे सरकवली. "तुम्हाला द्यायला सांगून गेलेत." तळाशी तो कामट्यांचा मनोरा होता, आणि त्याला गुंडाळलेला माझा नकाशा. ठणठणीत कोरडा. माझ्या अक्षरातली ती ओळ अजून स्वच्छ वाचता येते.

मनोरा माझ्या टेबलावर ठेवलाय. सपाट जागी तो उभा राहत नाही, लांब पायामुळे कलंडतो. त्या खडकावर नेला तर नीट उभा राहील... पण तिथे जायची माझी छाती होत नाही.