बॉनेटखाली तीन डोकी

जुनी गाडी घेतली की किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. दर रविवारी बॉनेट उघडायचं, आत एक नवा किस्सा तयारच असतो!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वाशीत नवी सोसायटी, रुंद रस्ते, गाड्या तुरळक. आमच्या घराण्यात सायकलच्या पुढे कोणी गेलं नव्हतं आणि मी थेट चारचाकी घेतली! गाडी जवळजवळ माझ्याच वयाची, पण जीव जडला होता. इंजिनातलं मात्र मला ओ की ठो कळत नव्हतं. मदतीला शेजारचे दोघे. शाळेत सायन्स शिकवणारे कांबळे सर आणि रबाळ्याच्या फॅक्टरीत नोकरीला असलेला सावंत. कळत त्यांनाही नव्हतं, पण उत्साह दांडगा!

माझ्या बायकोने, सुनंदाने, सुरुवातीलाच बजावलं, "दिवाळीपर्यंत धड चालली तर ठेवू. नाहीतर विकायची!" मी मान डोलावली.

*

पहिल्याच रविवारी गाडी चालू होईना. कांबळे सर म्हणाले, "इंजिनाला तीनच गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल, ठिणगी. एकेक तपासू."

हवा भरपूर होती. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर. राहिली ठिणगी. प्लग काढायचा, वायरला जोडून इंजिनाच्या अंगाला टेकवायचा आणि सेल्फ मारायचा, असं सरांनी कुठेतरी वाचलेलं. सावंतने तो टेकवलाच नाही, हातात धरून ठेवला. मी सेल्फ मारला.

"मेलंय रे मेलंय!" शॉक बसताच सावंत मालवणीत ओरडला आणि हातभर उडाला.

सर खूश! "ठिणगी आहे!"

मग सरांनी टाकीचं झाकण काढून आत काडी घातली. टाकी कोरडीठाक! काटा मुळात अर्ध्यावर अडकून बसलेला. सावंत हात चोळत म्हणाला, "सर, पुढच्या वेळी काडी आधी, मी नंतर!"

*

मग ठकठक सुरू झाली. वळणावर तर फारच.

स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की आतलं ऐकू येतं, हे आम्ही तोवर शिकलो होतो. सावंत म्हणाला, "टॅपेट!" सर म्हणाले, "बेअरिंग!" वाद पेटला. शेवटी इंजिन खोलायचंच ठरलं, पाने मागवून झाले. त्याआधी खात्रीसाठी एक चक्कर मारली. सुनंदा मागच्या सीटवर होती.

"अहो, आवाज माझ्या पाठीमागून येतोय."

डिकी उघडली. आत गाडीच्या पूजेचा नारळ, फोडायचा राहिलेला!

सावंत हार मानेना. "निदान बरोबरच होतं. काहीतरी सुटं होतं की नाही?"

*

दसऱ्याला गाडी धुतली, टिळा लावला आणि पुढच्या जाळीवर झेंडूचे जाडजूड हार गच्च बांधले. सगळे मिळून बेलापूरला नातेवाइकांना सोनं द्यायला निघालो. दिवाळे गावाजवळ बॉनेटमधून वाफा!

थांबलो. रेडिएटर गार होऊ दिला, पाणी भरलं. थोडं पुढे गेलो, पुन्हा वाफा! सर म्हणाले थर्मोस्टॅट, सावंत म्हणाला पाण्याचा पंप. मला तर सुनंदाची दिवाळीची मुदत डोळ्यांसमोर दिसायला लागली.

तिघांची डोकी इंजिनात असताना पुढून एक बकरी आली आणि हार खायला लागली. मागून तिची मालकीण, डोक्यावर मासळीची पाटी. "अरं दादा, माजी बकरी हाय ती! फुला कशाला चारतस तिला?"

बकरीने एक झेंडू शिल्लक ठेवला नाही. त्यानंतर बेलापूरपर्यंत आणि परत वाशीपर्यंत वाफेचं नाव नाही!

"रेडिएटरला वारा मिळायला लागला," सर पुटपुटले.

सुनंदा म्हणाली, "बकरीला जमलं ते तुम्हा तिघांना जमलं नाही. गाडी विका!"

*

दिवाळीच्या आधीच्या रविवारी पनवेलहून एक गृहस्थ गाडी बघायला आले. मी वाटच बघत होतो, गाडी नेहमीसारखी रुसेल आणि वाचेल म्हणून. सेल्फ मारला. पहिल्या फटक्यात चालू! आवाज असा गोड की गृहस्थ हसलेच. मला रडू यायचं बाकी होतं.

"घेतली!" ते म्हणाले. मी इंजिन बंद केलं.

तेवढ्यात सुनंदा चहा घेऊन खाली आली.

"भाऊ, आत्ता गार आहे म्हणून चालली. गरम झाली की पेट्रोलचा पंप बसतो. मग त्यावर ओलं फडकं ठेवावं लागतं. दुसऱ्या गियरमध्ये हिसका देते, तिथे क्लच अर्धा सोडायचा. कार्ब्युरेटरमध्ये कचरा येतो, तो फुंकून काढायचा. तोंडाने हं!"

सावंतच्या हातातला पाना खाली पडला. दर रविवारची आमची सगळी बडबड तिला पाठ होती!

गृहस्थांनी चहा अर्धा ठेवला. "वहिनी, कळवतो," म्हणाले आणि निघून गेले.

सुनंदाने ट्रे सरांच्या हातात दिला, पुढचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"चोक थोडा ओढा," ती म्हणाली, "आणि मग सेल्फ मारा."