गपसाहेब

अपघाताच्या जागी सरकारी जीप थांबली की चारी बाजूंनी माणसं बोलायला लागत. पोलीस, गाडीमालक, अपघात पाहिलेले, न पाहिलेले, सगळे एकदम. आमचे साहेब जीपमधून उतरत, दोन्ही हात वर करत आणि म्हणत, "गप राहा जरा." मग रस्त्यावर गोणपाट अंथरून ट्रकखाली शिरत. मी केबिनमध्ये चढून इंजिन चालू करायचो, ब्रेकच्या टाकीत हवा भरली की बंद करायचो आणि ब्रेकचं पेडल दाबून धरायचो. खाली साहेब डोळे मिटून ऐकत. कुठून हवा फुसफुसत निघून जातेय का, एवढंच.

साताऱ्याला ते मोटार वाहन निरीक्षक होते आणि मी त्यांचा ड्रायव्हर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ट्रकवाल्यांनी त्यांचं नाव गपसाहेब ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "नाव ठेवतात, पण गप कोणी बसत नाही."

मूळचे ते सांगलीजवळच्या माधवनगरचे. वडील गिरणीत, घर गिरणीला लागून. "लहानपणी घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं," असं सांगायचे. शांततेची हाव त्यांना तिथूनच लागली असावी. जीपमध्ये बसले की मान मागे टाकत आणि "दमलो हो कदम," म्हणत. सकाळी निघतानाही म्हणत. मी हसायचो. पुढे पुढे हसू येईनासं झालं, कारण ते खरंच दमलेले होते.

दमण्यासारखंच होतं. त्या काळात घाट उतरताना एकाच बनावटीचे नवे ट्रक पुन्हा पुन्हा सुटत होते. ड्रायव्हर म्हणत, पाय दाबला तर पेडल नुसतंच खाली गेलं. पोलीस म्हणत, दारू. साहेबांना वाटे, ब्रेकच्या आतलं रबरच कच्चं आहे. त्यांनी वर इतक्यांदा लिहिलं की शेवटी मुंबईहून चौकशी लागली. पण पुरावा म्हणून दाखवायला एक धड ट्रक नव्हता. एखादा दरीत गेलेला, एखादा जळलेला.

मग मलकापूरच्या महिपतीचा ट्रक सुटला. महिपती पलटणीतून पेन्शनवर आलेला, सरळ माणूस. गाडी थांबत नाही म्हटल्यावर त्याने ती डोंगराकडेला घासली. गाडी वाचली, महिपती वाचला, पण रस्त्याच्या कडेने चाललेला एक सायकलवाला गेला. महिपतीवर निष्काळजीपणाचा गुन्हा लागला. गाडी मात्र जवळजवळ शाबूत चौकीच्या आवारात उभी होती. साहेबांनी चौकीवर फोन करून सांगितलं, "गाडी नीट सांभाळा. उद्या सकाळी ब्रेक तपासायला येतो." त्या दिवशी घरी सोडताना ते दमलो म्हणाले नाहीत. "कदम, एक माणूस तर सुटेल," एवढं म्हणाले.

सकाळी पोहोचलो तर ट्रक धुऊन पुसून उभा. पुढच्या काचेवर झेंडूची माळ, खाली लिंबू-मिरची. शेजारी महिपतीचा थोरला भाऊ, सगळे त्याला तात्या म्हणत, हात जोडून उभा. साहेबांनी हात वर केले. सगळे गप झाले. मी पेडल दाबलं. साहेब नेहमीपेक्षा जास्त वेळ खाली राहिले. आवाज नव्हता. कुठेच नव्हता.

ते बाहेर आले आणि चाकाला टेकून जमिनीवरच बसले.

"आवं साहेब, ब्रेक कसलं झकास लागत्यात बगा," तात्या म्हणाला. "हवालदार म्हनलं, साहेब ब्रेक तपासणार. मग कराडचा मिस्त्री आनून समदं नवं घातलं. आता पास हुईल न्हवं गाडी?"

वर्षाच्या पासिंगला जसा ट्रक नटवून नेतात, तसा त्याने तो नटवला होता. मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

"जुनं रबर कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"त्ये व्हय? दिलं टाकून वढ्यात."

साहेब विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ओढ्यात उतरले. मी उतरलो. कशासाठी ते न कळता तात्याही उतरला आणि मधून मधून म्हणत राहिला, "नवं घातलंय की साहेब." मिस्त्री लोकांनी टाकलेली कसली कसली रबरं निघाली. त्यातलं महिपतीच्या ट्रकचं कुठलं, हे देवालाही सांगता आलं नसतं.

जीपमध्ये मी म्हणालो, "साहेब, ब्रेक निकामी होता असं लिहून टाका. आपल्याला ठाऊक आहे."

"मला ठाऊक नाही, कदम. मला वाटतं. वाटतं ते कसं लिहू?"

त्यांनी खरं तेच लिहिलं: ब्रेक चांगले आहेत, पण अपघातानंतर दुरुस्त केलेले आहेत, अपघाताच्या वेळच्या स्थितीबद्दल सांगता येत नाही. कोर्टात स्वतः जाऊनही तेच सांगितलं. पुढचं कोणी धरलं नाही, ब्रेक चांगले तेवढं धरलं. महिपतीला काही महिने आत जावं लागलं, लायसन गेलं. मुंबईची चौकशीही चालकांचा दोष म्हणून मिटली. ते ट्रक तसेच घाट उतरत राहिले. समोरून एखादा आला की साहेब दुसरीकडे बघत.

महिपती सुटून आला त्या वर्षी गुळाच्या हंगामात तात्या ऑफिसात आला, काखेत गुळाची ढेप. "साहेब, तुमी गाडी पास केली म्हनून भाऊ थोडक्यात सुटला. न्हाईतर लय वर्सं गेला असता."

साहेब म्हणजे ट्रकवाल्याचा चहासुद्धा न घेणारा माणूस. ढेपेकडे बघत राहिला. माझ्याने राहवेना. "तात्या, अहो तुम्ही तेव्हा..." एवढं बोललो, तोच साहेबांचा हात वर गेला.

"गप राहा जरा, कदम."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी ढेप घेतली. नंतर दर हंगामात घेतली. निवृत्त होऊन माधवनगरला गेले, तिथेही तात्या एसटीने ढेप पोहोचवायचा.

साहेब गेले त्या वर्षी तात्या ढेप घेऊन माझ्या घरी आला. "साहेब न्हाईत. तुमी हुता न्हवं संगं?" म्हणाला. चहा झाला. मग म्हणाला, "येक इचारू? त्या दिशी गाडीखालनं भाईर आल्यावर साहेब येकदम खालीच का बसलं हुतं?"

इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं उत्तर ओठांपर्यंत आलं. साहेबांची इतकी आठवण मला त्यांच्या तेराव्यालाही आली नव्हती.

"उपाशी होते, तात्या," मी म्हणालो. "सकाळपासून पोटात काही नव्हतं."

"आरं द्येवा," तात्या म्हणाला. "मग आमाला सांगायचं की! घरनं भाकरी आनली असती."

आणि त्या न आणलेल्या भाकरीसाठी तो कितीतरी वेळ हळहळत बसला.